घडणावळ कोणाची?

पाडव्याच्या दिवशी कुंटे चौकात उभं राहिलं की पुणेकर दागिना कसा घेतो ते नीट बघायला मिळतं. सासूबाई, सासरे, मुलगा आणि नवी सून काचेच्या कपाटापुढे टेकतात. पहिला प्रश्न, ‘आजचा भाव काय?’ दुसरा, ‘वजन किती?’ तिसरा प्रश्न अगदी शेवटी आणि थोड्या कुरकुरीच्या सुरात येतो, ‘आणि घडणावळ?’ हा दागिना घडवला कोणी, हा चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. दुकानदारालाही तो अपेक्षित नसतो.

या रस्त्यावरच्या सोन्याला सगळे ‘लक्ष्मी रोडचं सोनं’ म्हणतात. पत्ता लिहायची वेळ आली की रस्त्याची ही कड नारायण पेठेत मोडते. सांगलीत १८३२ साली सुरू झालेली गाडगिळांची पेढी अनंत गणेश ऊर्फ दाजीकाका गाडगीळ यांनी १९५८ साली पुण्यात आणली, ती याच कुंटे चौकात. तेव्हापासून पेठेतल्या घरांतली बारशी, मुंजी, लग्नं, दिवाळसण यांचे हिशेब या चौकाशी बांधलेले आहेत. भेट म्हणून दागिना द्यायचा असेल तर पेठेतला माणूस आजही आधी इकडेच वळतो.

हाताने घडवलेल्या दागिन्याची भेट हा या लेखाचा विषय. तो शोधायला नारायण पेठेइतकी सोयीची जागा नाही. इथे सोन्याचा दागिना मिळतो आणि साखरेचाही मिळतो. दोन्ही भेट म्हणून दिले जातात. दोन्हींत हाताच्या कामाची किंमत कशी लावली जाते हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं, तर आपल्या देण्याघेण्याबद्दल बरंच काही कळतं.

सोनं मोडतं, घडणावळ बुडते

सोन्याच्या बिलाचं गणित सोपं आहे. वजनाला भावाने गुणायचं, त्यात घडणावळ मिळवायची आणि वर तीन टक्के जीएसटी. घडणावळ कुठे ग्रॅममागे लावतात, कुठे टक्क्यांत. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा पहिल्यांदा गाठला, तेव्हा टक्क्यांतली घडणावळही आपोआप फुगली. कारागिराच्या हातात त्यातलं किती वाढून पडलं, हे बिलावर कुठेच दिसत नाही.

तोच दागिना दहा वर्षांनी मोडायला नेला की खरा हिशेब समोर येतो. सोन्याचे पैसे मिळतात, टाक्याची घट वजा होते आणि घडणावळ शून्य धरली जाते. बोटं दुखेस्तोवर केलेलं काम मुशीत वितळून जातं. ‘सोनं ही गुंतवणूक आहे’ असं म्हणणाऱ्या घरात नक्षीकामाच्या दागिन्याला म्हणूनच नाक मुरडतात. ‘घडणावळ जास्त जाते हो, त्यापेक्षा वेढणं घ्या’, हा पेठेतला ठेवणीतला सल्ला. वेढण्याला कसब लागत नाही आणि मोडताना नुकसानही होत नाही.

पण मराठी दागिन्यांची सगळी शान आहे ती या कसबातच. बोरमाळेचा मणी घ्या. तो भरीव दिसतो, पण असतो पोकळ. पातळ पत्र्याच्या दोन अर्ध्या वाट्या जोडायच्या आणि चेपू नये म्हणून आत लाख भरायची. थोड्या सोन्यात भरघोस माळ दिसावी, ही त्यामागची युक्ती. ठुशीत बारीक मणी इतके दाट बसवलेले असतात की खालचा दोरा दिसता कामा नये. मागचा गोंडा सरकवला की ती ज्या त्या गळ्याला बेताची बसते. तन्मण्यात मोत्यांचे सर आणि मध्ये जडावाचं खोड. कोल्हापुरी साजात एकवीस पानं आणि त्यांत दशावतारापासून अष्टमंगलापर्यंत सगळं. नथीत तर तारेवर मोती असे घट्ट बसवावे लागतात की वर्षानुवर्षं वापरूनही ते हलू नयेत. जुन्या घरांत ‘बसरा मोती’ म्हणून जपून ठेवलेले मोती इराणच्या आखातातून आलेले. तेव्हा आपली ‘पारंपरिक’ नथसुद्धा जगाचा व्यापार अंगावर घेऊनच घडली आहे.

हे काम करणारे हात आता फारसे मराठी उरलेले नाहीत. पेठांतल्या जुन्या माड्यांवर, ट्यूबलाइटखाली मांडी घालून बसलेले कारागीर बहुतेक पश्चिम बंगालचे असतात. हावडा, हुगळी, मेदिनीपूर या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सोनारकामाला माणसं बाहेर पडतात, मुंबईच्या झवेरी बाजारात आणि तशीच पुण्यातही येतात. आपल्या सुनेच्या गळ्यातली अस्सल ‘पेशवाई’ ठुशी घडवणारा मुलगा घरी फोनवर बंगालीत बोलतो. यात वाईट काही नाही. आपल्याला ते माहीत नसतं, एवढंच.

सोन्यावरचा हॉलमार्क आता सक्तीचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकही लागतो. त्या क्रमांकावरून दागिना कोणत्या पेढीचा, कोणत्या केंद्रात तपासला आणि कस किती हे मोबाइलवर बघता येतं. घडवणाऱ्याचं नाव तिथेही नसतं. सरकारने सोन्याच्या शुद्धतेची हमी दिली आहे. कसबाची नोंद ठेवायला अजून कोणी बसलेलं नाही.

अंगठ्याला अडकवलेला दोरा

सोनाराचं काम संपलं की पटवेकऱ्याचं सुरू होतं. लक्ष्मी रस्त्यापासून तुळशीबागेपर्यंत कुठे दुकानाच्या पायरीवर, कुठे बोळाच्या तोंडाशी हा माणूस बसलेला दिसतो. बाई मंगळसूत्र काढून त्याच्या हातात देते. कमावलेलं सोनं अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं आणि समोर उभं राहायचं, इतका विश्वास आपण बँकेतसुद्धा ठेवत नाही.

तो आधी जुना दोरा कापतो. काळे मणी एका थाळीत, वाट्या दुसरीकडे. मग नव्या दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतो, दुसरं दातात किंवा हातात ताणून धरतो, पेड घालतो आणि मणी ओवायला लागतो. ठरावीक मण्यांमागे गाठ. वाट्यांच्या दोन्ही बाजूंना गाठ जरा मोठी, म्हणजे त्या सरकत नाहीत. सगळं काम डोळ्यांदेखत होतं आणि मजुरी ऐकून बाई एकदा तरी म्हणते, ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ तो हसतो आणि पुढचं मंगळसूत्र घेतो.

सोन्याच्या साखळीत ओवलेली तयार मंगळसूत्रं आली तसं हे काम रोडावलं. साखळी दोऱ्यासारखी झिजत नाही आणि वर्षातून एकदा गाठवायची कटकटही राहत नाही. ठुशी, चिंचपेटी, पोत यांना मात्र अजूनही दोराच लागतो. तोवर हा माणूस पायरीवर आहे.

‘कुठला?’ असं विचारणारं गाव

आपण वापरतो ती वस्तू कोणी केली, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. उलट, एके काळी हे गाव तोच प्रश्न विचारण्यासाठी प्रसिद्ध होतं. नारायण पेठेतला गायकवाड वाडा टिळकांनी विकत घेतला आणि तो पुढे केसरीवाडा झाला. स्वदेशीच्या चळवळीला इथून बळ मिळालं. १९०५ साली लकडी पुलापलीकडे विलायती कपड्यांची होळी झाली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभा केलेला पैसा फंड टिळकांनी उचलून धरला आणि त्या पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. बायकांच्या हातातली काचेची बांगडीसुद्धा परदेशातून येते, ही तेव्हाची बोच होती.

१९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. शिकवण्याबरोबरच शिवण, विणकाम, हातकाम यांतून बाईला चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा विचार. पेठेतल्या विधवांना आणि परित्यक्तांना हातकाम हा मानाने जगण्याचा मार्ग होता. वाड्यातल्या खोलीत बसून केलेल्या कामाला बाजार मिळवून द्यायचा, हे पुण्याने तेव्हा शिकून घेतलं. पुढे पापड, लोणची, मेतकूट, गोधड्या आणि संक्रांतीचे दागिने या सगळ्यांना ती शिकवण पुरली.

साखरेचं सोनं

आता या लेखाच्या खऱ्या दागिन्याकडे, म्हणजे हलव्याच्या दागिन्याकडे येऊ. दिवाळी आटोपली, फराळाचे डबे धुऊन ठेवले की नारायण, सदाशिव आणि शनिवार पेठेतल्या काही घरांत शेगड्या बाहेर निघतात. संक्रांतीला दोन महिने असतात, आणि हलव्याला तेवढा वेळ हवाच असतो.

हलवा करताना बघणं हा संयमाचा धडा आहे. साखरेचा पाक करायचा, दुधाचा हबका मारून मळी काढायची, गाळून घ्यायचा. कोळशावर राख पसरून आच इतकी मंद करायची की परातीत हात ठेवता यावा. परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा. काही बायका लवंग, बडीशेप, खरबुजाच्या बियाही घेतात. दाणा जसा, तसा हलव्याचा आकार. मग चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई करून जास्त पाक ओतला तर दाणे एकमेकांना चिकटतात, पाक घट्ट झाला तर साखरेचा भुगा पडतो, आच वाढली तर पांढरेपणा जातो. तासन्‌तास आणि मग पुढले काही दिवस हेच करत राहिलं की दाण्याला अंगभर बारीक टोकं फुटतात. त्याला ‘काटा येणं’ म्हणतात. करणाऱ्या बायकांची अख्खी पत त्या काट्यावर असते. ‘यंदा काटा छान बसलाय’ यापेक्षा मोठी शाबासकी या धंद्यात नाही. हवा कोरडी आणि थंड हवी. डिसेंबरात मळभ आलं आणि हवेत दमटपणा वाढला की हलवा ओल धरतो, आणि सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो.

दागिना करायची वेळ आली की काट्याचा खरा उपयोग कळतो. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, साखर फुटते. म्हणून दोऱ्याचा फास करून दाणा त्यात अडकवायचा आणि हलक्या हाताने गाठ ओढायची. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. गाठ सैल पडली तर दाणा निसटतो आणि जोरात ओढली तर चुरा होतो. असा एकेक दाणा बांधत सर तयार होतो. असे तीन किंवा पाच सर एकत्र केले की हार. काळ्या दोऱ्यात हलवा गुंफून मंगळसूत्र. पुठ्ठा, जर, कापड, मोती यांचा आधार घेऊन बिंदी, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, तोडे, पाटल्या. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर सुनेने हे सगळं ल्यायचं. जावयाला हलव्याचा हार, हातात गुच्छ आणि हलव्याने मढवलेला नारळ. हल्ली मनगटी घड्याळ आणि मोबाइलही हलव्याचे करून मागतात, आणि करणाऱ्या ते हसत हसत करून देतात.

बाळाच्या बोरन्हाणाचा संच वेगळा. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, कंठी, वाळे आणि कृष्णाची बासरी. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि शेजारपाजारच्या पोरांनी त्यांवर झडप घालायची. पूर्वी सण झाला की दागिनेही पोरांच्या पोटात जायचे. आता डिंक आणि पुठ्ठा वाढल्यामुळे बहुतेक संच फोटोपुरते असतात. मुंग्यांपासून वाचले तर डब्यात राहतात, नाहीतर विरतात. खाण्याचा हलवा वेगळा घ्यावा लागतो. चोखंदळ बायका मात्र अजूनही गुंफलेलाच संच मागतात, चिकटवलेला नको म्हणतात. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, आणि तो असायलाच हवा.

आता या दागिन्याचा हिशेब मांडा. साखर किलोला पन्नास रुपयांच्या आत मिळते. दोरा, पुठ्ठा, जर यांचे पैसे किरकोळ. सुनेचा पूर्ण संच काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातो. म्हणजे या दागिन्यात माल जवळपास फुकट आणि किंमत सगळी हाताची. सोन्यात घडणावळ बिलाच्या शेवटच्या ओळीत असते, हलव्याच्या दागिन्यात सगळं बिलच घडणावळीचं. तो मोडता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, पुढच्या वर्षी जपून वापरता येत नाही. देणाऱ्याने फक्त कोणाच्या तरी हातांचे तास विकत घेतलेले असतात आणि तेच भेट म्हणून दिलेले असतात.

आणि नेमकी इथेच सगळ्यात जास्त घासाघीस होते. ‘अहो, साखरच तर आहे!’ लाखभराच्या सोन्यावर दुकानाने सांगितलेली घडणावळ जो माणूस मुकाट्याने देतो, तोच वाड्यातल्या बाईशी दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतो. कारण तिथे पाटी नाही, काचेचं कपाट नाही, छापील बिल नाही. बाईही नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत धंदा करत असल्यामुळे ताणून धरू शकत नाही. शिकाऊ मुली टिकत नाहीत. दोन महिने बोटं भाजून, मान मोडून मिळतं त्यापेक्षा दुकानात उभं राहून जास्त मिळतं, असं त्यांना वाटतं. त्यांचं चुकत नाही.

आर्मेनियापासून लंडनपर्यंत

हातकामाची भेट जगात कशी जपली जाते हे बघायला आर्मेनियन लोकांचं उदाहरण मोलाचं आहे. चांदीच्या तारेचं जाळीकाम, सुईने विणलेली लेस आणि डाळिंबाची नक्षी ही या लोकांची ओळख. येरेवानच्या वर्निसाज बाजारात हाताने केलेले दागिने भेट म्हणून घ्यायला पाहुणे गर्दी करतात. हे लोक आपल्याला परके नाहीत. रत्नं आणि रेशमाचा व्यापार करत ते सुरतेत आले, मुंबईत आले. मुंबईच्या फोर्टात जुन्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रस्त्यावर, १७९६ सालचं त्यांचं सेंट पीटर चर्च आहे.

१९१५ च्या आर्मेनियन नरसंहारानंतर हे लोक देशोधडीला लागले. घरंदारं गेली, हातातलं कसब तेवढं राहिलं. इस्तंबूलच्या मोठ्या बाजारात आणि बैरूतच्या बुर्ज हम्मूद वस्तीत आर्मेनियन सोनारांचं नाव आहे. लेबनॉनमधल्या गझीर इथल्या अनाथाश्रमातल्या आर्मेनियन मुलींनी एक गालिचा विणला आणि अमेरिकेने केलेल्या मदतीची परतफेड म्हणून तो १९२५ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिला. त्यात चाळीस लाखांहून अधिक गाठी आहेत. सुमारे चारशे मुली कित्येक महिने खपत होत्या. शंभर वर्षांनीही आपल्याला हे आकडे ठाऊक आहेत. कोणी विणला आणि कुठे विणला हे त्या भेटीचाच भाग होतं.

आपल्याकडे तसं झालं नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वज्र्या, अडकित्ते, फण्या, दागिने बघताना कलाकुसरीने डोळे दिपतात. दिनकर केळकरांनी जन्म घालवून गोळा केलेल्या त्या वस्तूंत कारागिराचं नाव शोधून सापडणं कठीण. केळकरांनी वस्तू वाचवल्या. नावं त्यांच्या हाती येण्याआधीच गेली होती.

नारायण पेठेतून जाणारा केळकर रस्ता वेगळ्या केळकरांचा, केसरीचे संपादक न. चिं. केळकर यांचा. १९३२ साली लंडनला गेले असताना त्यांनी तिथे महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं. आज पेठेतून हलव्याचे संच खोक्यात कापसाच्या गाद्यांवर निजून लंडन, न्यू जर्सी, सिडनीला जातात, कारण तिथेही बोरन्हाणं होतात. परदेशातून मागणी करणारी मुलगी किमतीवरून फारसा वाद घालत नाही, असा बहुतेकींचा अनुभव आहे. माणसाच्या एका तासाला किती पैसे पडतात हे तिला तिथल्या राहणीने शिकवलेलं असतं. ते शिकायला विमानात बसायची गरज नसावी.

वाचकाला चार गोष्टी

घरात नवी सून असेल, नातवाचं बोरन्हाण असेल, तर मागणी संक्रांतीच्या दोन-सव्वादोन महिने आधीच द्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात धावत गेलात तर चिकटवलेला संच मिळेल आणि दोष करणारीला लागेल. अर्धे पैसे आगाऊ द्या, कोळसा आणि साखर तिला आधी भरावी लागते. घासाघीस करायचीच असेल तर ती सोन्याच्या दुकानात करा. तिथे सवलत द्यायला जागा असते.

आणि दागिना सोन्याचा असो, मोत्याचा असो की हलव्याचा, घेताना चौथा प्रश्न विचारा, हा कोणी केला? नाव मिळालं तर ते एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा आणि दागिना देताना ते नाव सांगा. दुकानदारांनीही मनावर घेतलं तर बिलावर कारागिराच्या नावाची एक ओळ छापायला शाईचा खर्च येणार नाही. एचयूआयडीच्या सहा अक्षरांसाठी आपण कायदा केला. या ओळीसाठी गिऱ्हाइकाने विचारणं पुरेसं आहे.